बरा झालेला पाय

आई,

आज बाजारात पिंजऱ्यातली एक कोंबडी एका पायावर उभी होती आणि मला भर रस्त्यात उमळून आलं. तुझी आठवण अशी ओकारीबरोबर यावी, हे तुला मुळीच आवडलं नसतं.

गल्लीत नुकतीच केबल आली होती, मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, तेव्हाची गोष्ट. धारवाडात सप्तापूरच्या आपल्या घराच्या परसात, धुण्याच्या दगडाशी एका सकाळी अशीच एक कोंबडी उभी दिसली. मागच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या पोरांनी कानावर हात ठेवले. शेजारीही तिला कुणी धनी निघाला नाही. त्या पोरांच्या आमलेटचा वास नको म्हणून तू भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घ्यायचीस, तेव्हा तू तिला हाकलणार अशी माझी खात्री होती. तू दगड उचललासही. मग ती लंगडत दोन पावलं गेली आणि खाली बसली. पायाचा तळवा लिंबाएवढा सुजलेला, मधोमध काळी खपली, आणि वास! "शी शी, काय घाण ग बाई ही," म्हणत तू आत गेलीस आणि मीठ घातलेलं कोमट पाणी घेऊन आलीस.

मायेनं करणाऱ्या बायका वेगळ्या. तू किळस करत करत केलंस. मी पंख दाबून धरते, तू नाकावर पदर बांधून तिचा पाय मगमध्ये बुडवतेस आणि सगळा वेळ तिला नाही नाही ते बोलतेस. मधूनच मला, "धर की नीट! तोंड काय वाकडं करतीस? मला काय हौस आलीय?" खपली सुटली त्या दिवशी आतून पिवळट, घट्ट गोळा निघाला, अगदी खव्यासारखा. मी तिथंच ओकले. धारवाडची मुलगी असून पेढा खात नाही, म्हणून सासरचे अजून हसतात. कारण मी कुणालाच सांगितलेलं नाही. त्या भोकात तू हळद भरलीस, जुन्या धोतराची चिंधी बांधलीस आणि डोक्यावरून अंघोळ करून मगच स्वयंपाकघरात शिरलीस. रोज हेच. अप्पा म्हणायचे, "कोंबडीपायी आम्हाला उपास." तू एकदाच उत्तर दिलंस, "दारात मेली तर पाप कुणाच्या माथी?"

ती बरी झाली. दोन्ही पायांवर ऐटीत, माझ्या चपलांवर घाण करत हिंडू लागली. तेव्हा भांडी घासायला येणारी बाई म्हणाली, "अक्कार, नमगऽ कोडरी." ताई, आम्हाला द्या. तुझा जीव भांड्यात पडला. लेक सासरी निघावी तसे तिच्याबरोबर मूठभर तांदूळ बांधून दिलेस आणि पाय ओला राहू देऊ नको, म्हणून बाईला दोनदा बजावलंस. आपल्या घराण्यात कधी कुणी कोंबडी पाळली नव्हती. लोक कोंबडी कशासाठी मागतात, हे आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आठवड्याभरानं तू तिच्या पायाची चौकशी केलीस. बाई खूश होऊन सांगू लागली. "देवीला दिली की, अक्कार. नवस राहिला होता बघा. लंगडं जनावर देवीला चालत नाही. तुम्ही पाय बरा केला म्हणून झालं. तुमच्या नावानंबी हात जोडले." आणि ती पुन्हा कढई घासू लागली. तू परसात जाऊन हात धुतलेस. शिकेकाईनं, मग राखेनं, मग चिंचेनं पितळ घासतात तसे. मला राग आला होता. बाईचा, देवीचा, आणि सगळ्यांत जास्त त्या पिवळ्या गोळ्याचा. एवढी घाण गिळून तू एक पाय धड केलास, तो सुरीखाली चालावा म्हणून!

दुपारी तू दहीभात कालवलास. ताट माझ्यापुढं सारलंस आणि हात मागं घेत विचारलंस, "माझ्या हाताला वास येतोय काय ग?" मी नाही म्हटलं आणि शेवटच्या शितापर्यंत जेवले. तू माझ्याकडे बघत होतीस. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय.

येत होता, आई.