समुद्राचा उसना शब्द

६ ऑक्टोबर

समुद्र पाहण्याआधी आपले पूर्वज त्याला काय म्हणत असतील?

“शोधून सांगते,” म्हणाले मी. मानूसोसने विचारलं. आठ वर्षांचा, पुढचे दात पडलेला. मी रंगात येऊन शिकवत होते — ग्रीक बोलणारे उत्तरेकडून डोंगर तुडवत आले, समुद्र त्यांच्या गावीही नव्हता! समुद्राचा ‘थालासा’ हा शब्दसुद्धा त्यांनी आधीपासून इथे राहणाऱ्यांकडून उचलला. जहाजं, महाल, लिहिणं — सगळं त्या आधीच्यांचं बघून.

“म्हणजे बाई, आपण डोंगरातून आलो?”

“हो.”

“म्हणजे आपणच मागचे!”

वर्ग खो खो हसला. मीही हसले. नको होतं.

७ ऑक्टोबर

मानूसोसची आई कलिओपी शाळेच्या दारात. हाताला माशांचे खवले तसेच.

“आर्गिरो, बापाने तुला रेथिम्नोला शिकायला धाडलं ते आम्हाला मागचे म्हणायला?”

मागचे म्हणजे गावामागच्या डोंगरावरचे धनगर. त्यांच्या कपड्यांना शेळ्यांचा वास येतो म्हणे. आमच्या कपड्यांना कसला येतो?

१२ ऑक्टोबर

शिक्षण कचेरीतून फोन. डोंगरावरच्या शाळेची बाई बदली होऊन गेली, दुसरी मिळणार नाही. दोन्ही गावांना मी एकटी, शाळाही एकच. “जागा तुम्हीच ठरवा, महिनाअखेर कळवा. नाहीतर दोन्ही बंद, मुलं शहरातल्या वसतिगृहात.”

मानूसोस वसतिगृहात! त्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही.

१५ ऑक्टोबर

कॉफीच्या दुकानात सभा. सभा कसली — आरडाओरडा!

“मागच्यांनी खाली यावं की. अडवलंय कोणी?”

“येतील, आणि बाकावर शेळी बांधतील!”

हशा. बाबा उठून उभे राहिले. मग म्हणाले, “समुद्र इथे आहे. शाळाही इथेच.” टाळ्या पडल्या. माझी पदवी त्यांनी घरात खलाशांच्या संत निकोलसच्या तसबिरीशेजारी टांगली आहे. पण माझं मत? ते कोणी विचारलं नाही.

१९ ऑक्टोबर

वर जाऊन आले. तासाभराचीही चढण नाही, आणि जन्मात पहिल्यांदा चढले! लाज वाटली.

एका म्हाताऱ्याने — झाखारियास त्यांचं नाव — आधी ताजं चीज पुढे केलं, घरी गाळलेली राकी ओतली, मगच बोलले. “आम्ही खाली आलो की तुमची माणसं नाक धरतात, पोरी. धरलेली नाकं बघायला नातवंडं पाठवू?”

मी चीज खाल्लं.

त्यांच्या अंगणातून केवढा समुद्र दिसतो! लांबची बेटं, आमच्या बंदराला दिसायच्या कितीतरी आधी जहाजं. खाली आम्ही ज्याला समुद्र म्हणतो ती आमची खाडी. आणि ऐट काय!

२० ऑक्टोबर

डोकं थाऱ्यावर नाही. कॉलेजच्या वह्या उपसल्या. आपल्याकडे समुद्राला आणखी एक शब्द आहे — ‘पोंतोस’. हा मात्र डोंगरातून आलेले ते पूर्वज येताना घेऊन आले होते. मुळात अर्थ समुद्र नव्हेच — वाट! डोंगरातल्या माणसांनी एवढं पाणी पाहिलं आणि म्हणाले, ही वाट.

मानूसोसला अर्धं उत्तर देता येईल.

२४ ऑक्टोबर

बाबांनी शाळेच्या घंटेची दोरी बदलली. दर शरदात बदलतात. घंटा त्यांच्याच नावेची. नाव खडकावर फुटली, एवढीच वाचली. एकदा दोरी तुटली होती तर भर पावसात जाऊन बांधून आले.

“दोरी नसलेली घंटा बघवत नाही मला,” म्हणाले. मग माझ्याकडे वळून, “आणि तुझ्या जिभेला मात्र दोरीच नाही!”

काल पुन्हा विषय काढला होता ना मी. शाळा वर नेऊया म्हटलं. ज्यांना हसलो त्यांना ‘उतरा’ कुठल्या तोंडाने सांगायचं? बाबा ताट सारून उठले.

२६ ऑक्टोबर

कोणी ऐकत नाही. कोणीच नाही.

२९ ऑक्टोबर

कळवून टाकलं — शाळा वरच्या गावात.

काल घंटा खेचरावर लादून वर आणली. झाखारियास आजोबांनी तुतीच्या फांदीला टांगली. आज सकाळी लोलक हातात धरून वाजवली. वरची सगळी मुलं आली. खालून अजून कोणी नाही.

दोरी मुद्दामच आणली नाही. खालच्या शाळेच्या दारातल्या खिळ्याला अडकवून ठेवली आहे. बाबा रोज तिथूनच बंदरावर जातात.