दाजींचा पेला

मंगल,

नावाआधी सौ. लिहायला गेलो आणि हात थांबला.

आपल्या खानापूरच्या कुसळाच्या डोंगरावर द्राक्षं आली, त्यांची वाइन झाली, याचं मला शाळेतल्या कवितांइतकं वेड. त्या दिवशी छाटणीनंतर वेलींचे डोळे, म्हणजे नवे कोंब, फुटावेत म्हणून दाजींनी उघड्या हातांनी वेलींच्या काड्यांना औषध लावलं. ते लावल्यावर दारू पिऊ नये, असं डब्यावर होतं. मीच गड्यांना वाचून दाखवलं. संध्याकाळी मात्र दाजींपुढे पेला धरला.

"दारू न्हवं ही, दाजी. आपल्या डोंगराचा रस हाय."

"मग वता की पावणं, काठोकाठ!"

त्यांचं तोंड लाल झालं तेव्हा मी हसलो. मग धाप लागली, आणि तासाभरात दाजी गेले. डॉक्टर हृदयविकार म्हणाले, मी मान डोलावली. तू विचारलंस, "दादा, ह्ये शेवटी काय मागत हुतं?" मी पाणी म्हणालो.

दुसरा पेला मागत होते, मंगल. मी तोही भरला.

पत्र टाकायचं धैर्य नसलेला,
तुझा दादा