सरांच्या आठवणींची एकुलती प्रत

सर,

दम्याचा त्रास आता नसेल ना? इकडे बाईंचे गुडघे कुरकुरतात, पण चेंबूरच्या तुमच्या घरात भिंत धरून त्या स्वयंपाकघरापर्यंत जातात. माझी साखर ताब्यात आहे, बायकोचा डोळा ऑपरेशननंतर निवळला, सून पवईला कॉम्प्युटरच्याच कंपनीत आहे. सगळ्यांचं झालं. आता जे सांगायला बसलोय ते सांगतो. तुमच्या आठवणी गेल्या, सर. माझ्या हातून गेल्या.

शेवटच्या वर्षी तुम्ही घाटकोपरला माझ्या टायपिंगच्या दुकानात रोज दुपारी यायचात. तुम्ही आठवणी सांगायचात, मी टाइप करायचो. मला, शाळा सुटलेल्या पोराला, जुना टाइपरायटर आणून दिलात, त्याची फेड, असं मी मनात म्हणायचो. एकदा पंख्याखाली घाम पुसत तुम्ही विचारलंत, ‘‘दुसरी प्रत कुठंय?’’ मी ऐटीत म्हणालो, ‘‘डी ड्राइव्हला ठेवलीय, सर.’’ तुम्हाला काय ठाऊक, की दोन्ही प्रती एकाच कॉम्प्युटरच्या डब्यात होत्या! तुम्ही गेलात. लग्नसराई आली, पत्रिका आल्या, मग दुसरी लग्नसराई. छपाई राहिली. बाई म्हणाल्या होत्या, ‘‘पुस्तक हातात आलं की मगच वाचीन.’’

तो आपला मराठी फॉन्ट जुन्या सिस्टीमवरच चालतो. नव्या मशीनवर उघडलं की अक्षरांचा नुसता चिवडा. म्हणून मी ते जुनं धूड सांभाळून होतो. सून म्हणाली, ‘‘बाबा, याला बनवणाऱ्यांनीच वाऱ्यावर सोडलंय. भोक पडलं, व्हायरस शिरला, तरी बुजवायला कुणी येणार नाही. टाइप करा, पण नेटची वायर लावू नका.’’

‘‘अगं, इतकी वर्षं काही झालं का?’’

‘‘मग वाट लागली की मला फोन करू नका हां!’’

एकदा ते धूड पेनड्राइव्ह घेईना, म्हणून छापखान्याला फाइल पाठवण्यापुरती वायर लावली. कसली फाइल? कुठल्याशा बारशाच्या पत्रिकेची. नंतर काढायचा कंटाळा. महिनाभर ती तशीच. एका सकाळी सगळ्या फाइलींची नावं बदललेली, आणि पडद्यावर इंग्रजीत धमकी: पैसे भरा, नाहीतर फाइली विसरा. दोन्ही प्रतींना कुलूप. सुनेला फोन केलाच. बिचारी लगेच आली. आठवडाभर झटली आणि म्हणाली, ‘‘नाही होत, बाबा.’’ ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

बाईंना मी सांगितलं, छपाई सुरू झालीय, पानं येतील तशी आणतो. आता आठवून आठवून लिहितोय. गेल्या रविवारी चार पानं वाचून दाखवली. लग्नानंतर तुम्ही त्यांना मुंबईला आणलंत, ते. एका वाक्याला बाईंनी मला थांबवलं, पदर डोळ्यांना लावला आणि हसल्या. ‘‘अगदी असेच बोलायचे रे ते! परत वाच.’’

मी परत वाचलं. सर, ते वाक्य तुमचं नव्हतं. तुमचं आठवेना म्हणून मी माझं घातलं होतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? पण बाई पुढच्या पानाची वाट बघताहेत, आणि मुंबईतल्या खोलीचं दार पहिल्यांदा उघडताना तुम्ही त्यांना काय म्हणालात, तिथं मी अडलोय. तेवढं लिहून कळवा, सर. रविवारच्या आत कळवा.