त्याच चार चाली

कार्तिक वद्य ३, शके १७८६. अमरावती
आज पुन्हा खुशालराव अडत्यांकडे बैठक. पुन्हा मुजरा, भूप, लावणी, शेवटी आरती. कापसाला सोन्याचा भाव, घरोघरी बैठका — आणि प्रत्येकाला शेजाऱ्यानं ऐकलेलंच हवं! मी सनई फुंकतो. बोटं चालतात. वाटत काही नाही.

कार्तिक वद्य ७
त्याच चार.

कार्तिक वद्य १२
परतताना जानरावला म्हटलं, "बाबांनी शिकवलेला मारवा वाजवू का एखाद्या दिवशी?" तो चौघडा पाठीवर घेऊन पुढं चालत राहिला. लहानपणापासून सोबत वाजवतो आम्ही. तोही विटला असेल.

मार्गशीर्ष शुद्ध ५
खुशालरावांच्या बैठकीत अकोल्याचे कापूस व्यापारी अब्दुल सत्तार पाहुणे होते. भूप संपला तसे म्हणाले, "ये तो सब जगा सुनके आया मैं. कुछ अपने दिल का सुनाओ ना, भाई!"
वाटलं काहीतरी. किती महिन्यांनी! दिवस कलला होता — मारवाच घेतला. सूर लागला. आणि चौघड्यावर लावणीचा ठेका!
मी थांबलो. जानराव मान खाली घालून वाजवतोच आहे. लोक हसले. खुशालराव ओरडले, "काय वाजवून राहिले बे तुमी?" जानरावनं वर पाहिलंसुद्धा नाही.
मी गुपचूप लावणी धरली.

मार्गशीर्ष शुद्ध ६
जानरावच्या घरी गेलो. पाठमोरा बसून चौघड्याच्या वाद्या आवळत होता. हाका मारल्या. खांद्यावर हात ठेवला तेव्हा दचकला.
त्याची बायको वच्छला दारात आली. "पोळ्यापासून त्याइले आयकूच येत नाही, भाऊजी. तुमचे गाल फुगले का हात टाकतेत. चारी चाली पाठ हायेत. कोनाले सांगू नका."
जानराव माझ्या तोंडाकडे पाहत होता. रडू यायला हवं होतं. आलं नाही. पाणी पिऊन घरी आलो.

मार्गशीर्ष शुद्ध ९
अब्दुल सत्तारांच्या मुलीचं अकोल्याला लग्न. त्यांना रोजच्यापेक्षा वेगळं हवं. चौघडेवाला त्यांचा, सनईला एकट्या मला बोलावलंय. निरोप खुशालरावांकडे आला; जानराव शेजारी माझ्या गालांकडे पाहत उभा असताना त्यांनी विचारलं, "शालिकराम, दुसरं काही येते का तुले?"
"नाही जी," मी म्हणालो.