फिलिपचं मरण, माझ्या मते

३ मे १९८५, शुक्रवार, व्हाकोआ
आई म्हणायची, वत्सला, जे झालं तेवढंच सांग गं. मी सहा-सात वर्षांची होते. शेजारची गाय व्याली आणि मी गल्लीभर सांगून आले की वासराला दोन तोंडं आहेत. आईला कलेची दृष्टी नव्हती. मला आहे. उगाच नाही वीस वर्षं शाळेत फ्रेंच शिकवत.

आजचा कार्यक्रम उत्तम. गुरुवारी रात्री टीव्हीवर फ्रेंच सिरियल, शुक्रवारी शाळा सुटली की माझ्या व्हरांड्यात शेजारच्या बायकांना तिची कथा आणि समीक्षा. मराठीतून, अडलं तिथे या बेटावरच्या क्रेओल बोलीतून. सगळ्यांत पुढे गंगाकाकी. त्यांच्याकडे टीव्ही नाही, भरभर बोललेलं फ्रेंच कळत नाही, मुलगा सत्यदेव नर्सिंगसाठी लंडनला गेलेला. माझ्याशिवाय त्यांना कोण आहे?

काल फिलिप, घर सोडून बोटीवर गेलेला मुलगा, वादळात सापडला. भाग तिथेच संपला. मी सांगितलं, मेला. तीन वर्षं घरी पत्र नाही, वर वादळ. जिवंत ठेवला तर लेखक भित्रा. काकी उठल्या. चहा तसाच टाकून गेल्या. चांगलाच परिणाम झाला.

१० मे
काकी आल्या नाहीत. सर्दी असणार, पाऊस हटत नाही.

काल फिलिप कोळ्यांच्या झोपडीत शुद्धीवर आला. हास्यास्पद! ते मी गाळलं. सांगितलं, आईने त्याच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. पुष्पा म्हणाली, मग झोपडीत सूप पीत होता तो कोण, माझ्या जावेने बघितला. मी म्हटलं, ते आईचं स्वप्न. पुष्पा छताकडे बघून आयो म्हणाली. हिच्यावर नजर ठेवायला हवी.

१७ मे
दोघीच. पुष्पा आणि विद्यावती. विद्यावती सगळा वेळ टाके मोजत होती.

दुकानात शिरले तर माझ्या शुक्रवारच्याच इंद्राणी आणि चंद्रिका बोलता बोलता थांबल्या, एकदम कांद्याच्या भावावर आल्या. कांद्यावर इतकं प्रेम कधीपासून? इंद्राणीच्या भावाने पॅरिसहून व्हिडिओ आणलाय. गुरुवारचा भाग टेप करते म्हणे. कशासाठी?

संकल्प: उगाच कुणावर संशय घ्यायचा नाही. आधी पुरावे.

२४ मे
कुणीच नाही. परातभर गातो-पिमां, डाळीचे मिरचीवडे, तळले होते, आम्ही दोघांनी खाल्ले. हे म्हणाले, तू सिरियल सांगतेस की पोरांचे निबंध तपासतेस? यांचाही भरवसा उरला नाही. रविवारी इंद्राणीकडे जाऊन आले. कशाला, विचारलं. म्हणाले, प्लग बसवायला. एका प्लगला दीड तास?

३१ मे, दुपारी चार
खात्री झाली. इंद्राणीच्या दारात चपलांची रास. त्यात गंगाकाकींची निळी, अंगठ्यापाशी दोऱ्याने शिवलेली. पडदे ओढलेले. मी छत्री मिटून कुंपणाच्या पेरूआड उभी राहिले, भिजले. आतून फिलिपचा आवाज. मग इंद्राणीचा: ली पे व्हिनी, काकी, ली पे व्हिनी. येतोय हो, येतोय. शब्दाला शब्द, समीक्षा शून्य. काकी हसल्या. मग रडल्यासारख्या वाटल्या.

खायला घालून फितवलंय, दुसरं काय! उद्या जाब विचारणार.

१ जून
विचारला. इंद्राणीला नाही, काकींना. वडीलधाऱ्या आहेत, खोटं बोलणार नाहीत.

तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, काकी, माझ्या सांगण्यात काय कमी पडलं? म्हणाल्या, कमी कुठे, जास्तच होतं की. तोंड कोण धरणार तुझं? मग म्हणाल्या, पण पोरी, तू त्याला मारलास. मी समजावू लागले, कथेच्या ओघात फिलिपचं मरण अटळ... त्या म्हणाल्या, माझ्या सत्यदेवचाही तीन वर्षं कागद नाही. त्या बाईचा पोर घरी येतो का, तेवढंच मला बघायचं होतं. तू म्हणालीस मेला. आठ दिवस मी दिवा लावून बसले. कुणासाठी, तेही मला कळेना. मग इंद्राणी आली, म्हणाली, चला काकी, डोळ्यांनी बघा, जिता आहे.

मी सुपातले खडे वेचू लागले. म्हणाल्या, राहू दे, तू चांगलेच दाणे काढतेयस.

७ जून, शुक्रवार
काल फिलिप घरी आला. आईने आधी थोबाडीत मारली, मग ताट वाढलं. तो जेवला. ती बघत बसली. बघताना मला एक सुधारणा सुचली. सुचली तशी गेली.

चार वाजले. व्हरांडा रिकामा. समोर इंद्राणीच्या दारात त्या चपला. काकी आता त्याला जेवताना बघत असतील.

संध्याकाळी त्यांच्याकडे जाणार. नाहीच म्हणतील. त्यांच्या जागी मीही नाही म्हटलं असतं. तरी विचारणार: काकी, पुढच्या शुक्रवारी इंद्राणीकडे तुमच्या शेजारी बसू का? गप्प बसेन.