पहिला पेला डॉरीनला

मी, कुमारी विनिफ्रेड मेरी गॅफनी, वय वर्षे एकोणसत्तर, राहणार २३ हॉथॉर्न रोड, एल्मफील्ड, सरे, मोटार चालवण्याच्या परीक्षा घेणारी सरकारी परीक्षक म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या डोक्याविषयी पुढे कोणी शंका काढू नये म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला राग येतो का असे विचारले. येतो, पण योग्य माणसांचाच, असे मी सांगितले, आणि त्यांनी ते लिहून घेतले.

याआधीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात डॉरीनचे नाव होते.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या भावाची मुलगी क्लेअर गॅफनी हिने करावी. तिला हे काम आवडणार नाही, विशेषतः कलम ७. तरी ती ते करील, कारण ती हो म्हणाली की करते. आमच्या घराण्यात हा गुण एकीलाच आला आहे.

कलम २. राहते घर, मागची बाग आणि बागेतला युद्धाच्या वेळचा, बॉम्बपासून बचावाचा पत्र्याचा आसरा, ज्यात आता कुंड्या ठेवल्या आहेत, हे सर्व क्लेअरला. तिचा भाऊ जेरार्ड गेल्या नाताळात जेवायला आला होता. माझ्या पाठीमागची भिंत त्याने बोटांनी वाजवून पाहिली आणि म्हणाला, "आत्या, ही भिंत पाडली तर स्वयंपाकघर केवढं मोठं होईल गं." मी त्या वेळी त्या भिंतीला टेकून बसले होते. जेरार्डला कुंपणाची झुडपे कापायची मोठी कात्री मिळावी. तो दर उन्हाळ्यात येऊन कुंपण कापून देणार होता. कात्री नवीकोरी आहे.

कलम ३. मोटार क्लेअरला. आरशात बघत जावे. नोकरीत मी हजारो लोकांना नापास केले आणि त्यातले काही आजही मला भाजीच्या दुकानात ओळख देत नाहीत. पण एकालाही मी दुसऱ्या कोणी सांगितलेल्या गोष्टीवरून नापास केलेले नाही. शेजारी बसून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तेवढेच धरले. हे मी कोणाच्या उदाहरणावरून शिकले नाही. उलट्या उदाहरणावरून शिकले.

कलम ४. आईचे शिवणयंत्र क्लेअरला. महिन्यातून एकदा तेल घालावे. त्यावर फुलदाणी ठेवू नये.

कलम ५. ज्या कॉन्व्हेंटमध्ये मी शिकले त्याला काही नाही. तिथे आता सदनिका झाल्या आहेत. जिथे शिवणखोली होती तिथे कोणीतरी न्हाणीघर केले आहे असे ऐकते. चांगले झाले. तिथे पाण्याची सोय व्हायलाच हवी होती.

कलम ६. पॅराशूटच्या रेशमाचा पांढरा झगा. हा वरच्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत, निळ्या कागदात गुंडाळलेला आहे. याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जूनमध्ये चर्चच्या पंचाहत्तरीला याविषयी सगळ्यांसमोर खोटे सांगितले गेले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझे वडील युद्धातून परत आले नाहीत. आई, नोरा गॅफनी, कॉन्व्हेंटच्या शिवणखोलीत काम करी आणि त्याच्या बदल्यात माझी फी माफ होती. हे वर्गात सगळ्यांना माहीत होते, कारण सिस्टर ॲल्फेज ते अधूनमधून सांगत असत. शेजारच्या २५ नंबरमध्ये टूमी कुटुंब राही. त्यांची डॉरीन माझ्या वर्गात, माझ्याच उंचीची. आमच्या दोन बागांमधल्या झुडपांच्या कुंपणात खाली एक भगदाड होते आणि मी निम्मे बालपण त्या भगदाडातून ये-जा करण्यात घालवले. तिच्या आईला सुईत दोरा ओवता येत नसे. हे मी कुचेष्टेने लिहीत नाही. तिच्या मुलांची बटणेसुद्धा माझी आई लावून देई.

एकोणीसशे एकोणपन्नास सालच्या मे महिन्यात, मिरवणुकीच्या शेवटी येशूच्या आईच्या, मारियेच्या, पुतळ्याला फुलांचा मुकुट घालायला माझी निवड झाली. दर वर्षी एका मुलीची होते. फीमाफीवर शिकणारी मुलगी याआधी कधी निवडली गेली नव्हती. आईने बाजारातून पॅराशूटचे रेशीम आणले. कपड्यांवरचे रेशन नुकतेच उठले होते, पण हे कापड दुकानातल्यापेक्षा स्वस्त पडे. पाठीला वरपासून खालपर्यंत त्याच कापडाने मढवलेली लहान बटणे. आमच्या गल्लीत असा झगा कोणी पाहिला नव्हता. त्याच वसंतात गोळ्या-चॉकलेटांवरचे रेशन उठले होते आणि सगळी मुले दुकानाबाहेर रांगा लावून वेडी झाली होती. मी एक पुडी घेतली आणि मिरवणूक झाल्यावर डॉरीनबरोबर खायची म्हणून जपून ठेवली.

तेव्हा कम्युनियन, म्हणजे मिस्सेच्या प्रार्थनाविधीत मिळणारी पवित्र भाकर, घ्यायची तर आदल्या मध्यरात्रीपासून निर्जळी उपास असे. पाण्याचा थेंबही नाही. मुकुट घालणाऱ्या मुलीने त्या सकाळी कम्युनियन घेतलेच पाहिजे, असा सिस्टरांचा दंडक. सकाळी मी दात घासले, चूळ भरली, आणि थोडेसे पाणी घशाखाली गेले. मुद्दाम नाही. गेले. अंगणात रांगेत उभी असताना मी ते डॉरीनच्या कानात सांगितले. ती म्हणाली, एवढ्याशाने काय होतंय. मला बरे वाटले. मग सिस्टरांनी नेहमीसारखे विचारले, कोणाचा उपास मोडला आहे का, आणि डॉरीनने हात वर केला.

"सिस्टर, विनी पाणी प्यायलीय."

प्यायलीय, म्हणाली. गिळलं गेलं, नाही. मी आयुष्यभर या फरकावर पगार घेतला आहे.

सिस्टरांनी मला एक प्रश्नही विचारला नाही. त्यांनी डॉरीनच्या खांद्याला हात लावून तिला रांगेबाहेर घेतले, तिची उंची माझ्या उंचीशी लावून पाहिली, आणि आम्हा दोघींना शिवणखोलीत पाठवले. तिथे आई मुलींच्या डोक्यावरच्या जाळ्यांना इस्त्री करत होती. सिस्टर दारातूनच म्हणाल्या, "मिसेस गॅफनी, झगा हिला घाला." मला वाटले, आई विचारील. निदान का ते विचारील. आईने इस्त्री उभी ठेवली, मला पाठमोरी केली आणि बटणे काढायला लागली. तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती एवढेच म्हणाली:

"रडू नकोस विनी. रेशमावर पाण्याचा डाग राहतो."

मग तिने तो झगा डॉरीनला घातला आणि काखेत दोन टाके घातले, कारण डॉरीन माझ्यापेक्षा थोडी बारीक होती. टाके सुरेख घातले. तिला वाईट काम करताच येत नसे.

मला माझा शाळेचा करडा गणवेश घालून शिडी धरायला उभे केले. त्या दिवसाच्या फोटोत डॉरीन शिडीवर आहे, हातात मुकुट आहे, आणि फोटोच्या कडेला शिडी धरलेला एक हात दिसतो. तो माझा.

चार वर्षांनी रोमहून नवा नियम आला की पाण्याने उपास मोडत नाही. फादरांनी तो वेदीसमोरून वाचून दाखवला. डॉरीन पुढच्या बाकावर होती. तिने मान वळवली नाही. पुढच्या रविवारी मी मिस्सेला जायला खाली आले तर माझ्या जागेवर टेबलावर पाण्याचा पेला भरून ठेवलेला होता. आई पाठ करून चूल पुसत होती. मी ते पाणी प्यायले नाही. संध्याकाळपर्यंत पेला तिथेच होता. मग तिने तो ओतून, धुऊन ठेवला. या विषयावर आमचे झालेले बोलणे ते एवढेच. आईला मी क्षमा केलेली नाही आणि या कागदावरही करत नाही. तिचे आणि माझे आम्ही वर गेल्यावर बघून घेऊ.

डॉरीनचे मी गिळून टाकले होते. ती लग्न होऊन ॲशकॉम्ब झाली, नवरा घेऊन त्याच २५ नंबरमध्ये राहिली, विधवा झाली. माझे कमरेचे हाड मोडले तेव्हा रोज दुपारी तिने सूप आणून दिले, फार मिठाचे. मी मनात म्हटले, लहानपणीचे ते लहानपणी. जुन्या मृत्युपत्रात मी तिला दिवाणखान्यातले घड्याळ लिहून ठेवले होते, आणि तिलाही ते माहीत होते.

आणि मग जूनमध्ये पंचाहत्तरी झाली. चर्चच्या हॉलमध्ये तो फोटो मोठा करून लावला होता. डॉरीनला माईकवर बोलवले. ती म्हणाली, युद्धानंतरचे कठीण दिवस होते, पण माझ्या आईने रात्र रात्र जागून पॅराशूटच्या रेशमाचा हा झगा माझ्यासाठी शिवला. लोक गहिवरले. एका बाईने डोळे पुसले. मी अंड्याचे सँडविच हातात धरून दुसऱ्या रांगेत बसले होते, आणि डॉरीन बोलताना माझ्याकडे बघून हसली.

दुसऱ्या दिवशी मी कुंपणापाशी गेले. ती कपडे वाळत घालत होती.

मी म्हटले, "तो झगा तुझ्या आईने शिवला?"

"अगं विनी, कार्यक्रम होता तो. सगळी भानगड कुठे सांगत बसू? लोकांना गोड काहीतरी ऐकायचं असतं."

"मग माझ्या आईने शिवला म्हणायचंस. तेही गोडच होतं की."

तिने तोंडातला चिमटा काढून उशीच्या अभ्र्याला लावला. "तुझी आई आता कुठे ऐकायला बसली आहे?" म्हणाली, आणि पुढचा अभ्रा उचलला.

मुकुट तिने घेतला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. हे मात्र तिने एकोणसत्तराव्या वर्षी, शुद्धीत, माईकवर घेतले. माझ्या आईच्या नावावर या जगात ना घर होते ना जमीन. बटणे होती. तीसुद्धा आता टूमींच्या नावावर गेली.

म्हणून: झगा, जो मिरवणुकीनंतर आईने घरी परत आणला होता, तो क्लेअरने कोणाला देऊ नये, संग्रहालयाला नाही, चर्चला नाही. डॉरीनने तिच्या नातीसाठी तो मागितला आहे. उत्तर नाही असे आहे. त्याची घडी करून शवपेटीत माझ्या डोक्याखाली ठेवावी. छातीपाशी एक लहान गोल डाग आहे. ती बाजू वर. हॉलमधल्या फोटोखाली माझ्या खर्चाने पाटी लावावी: झगा शिवला नोरा गॅफनी यांनी. शिडी धरली त्यांच्या मुलीने. फादर नको म्हणाले तर त्यांना कलम ६ वाचून दाखवावे, सावकाश.

कलम ७. माझ्या अंत्यविधीच्या मिस्सेला कम्युनियनच्या आधी, आलेल्या प्रत्येकाला एक एक पेला पाणी द्यावे. साधे नळाचे. आता तो नियम राहिलेला नाही, त्यामुळे कोणाचा आत्मा धोक्यात येणार नाही. पहिला पेला डॉरीन ॲशकॉम्ब हिला. तो क्लेअरने स्वतः तिच्या बाकापाशी नेऊन द्यावा, आणि देण्याआधी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारावे, "झगा कोणी शिवला?" मला डॉरीनकडून दुसरे काही नको. माफी नको, फुले तर नकोतच. माझ्या आईचे नाव तिच्या तोंडून, त्याच लोकांसमोर.

उत्तर चुकीचे आले तरी पाणी द्यावे. पाण्यावाचून कोणाला उभे करणे हा सिस्टर ॲल्फेज यांचा धंदा, माझा नव्हे.

कलम ८. दिवाणखान्यातले घड्याळ क्लेअरला. कायद्याप्रमाणे जो मृत्युपत्राला साक्षीदार राहतो त्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. म्हणून साक्षीसाठी मी औषधाच्या दुकानाचे श्री. बिडल यांना आणि डॉरीनला बोलावले आहे. जेरार्ड किंवा आणखी कोणी पुढे दया येऊन या मृत्युपत्राच्या आधारे तिला घड्याळ देऊ लागला तर कायदा आडवा येईल. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त मी सही करताना पाहायचे असते. पण मी कागद झाकून ठेवणार नाही. तिच्यापासून चोरून मला काही करायचे नाही. चष्मा तिच्या गळ्यातच असतो.

वरील सर्व माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खाडाखोड नाही. सही माझी.

विनिफ्रेड मेरी गॅफनी
२३ हॉथॉर्न रोड, एल्मफील्ड, सरे
११ सप्टेंबर २००७

विनिफ्रेड गॅफनी यांनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली, आणि त्यानंतर त्यांच्या डोळ्यांदेखत आम्ही केली:

१. आर्थर बिडल, औषधविक्रेते, स्टेशन परेड, एल्मफील्ड

२. डॉरीन ॲशकॉम्ब, २५ हॉथॉर्न रोड. सगळं वाचलं. नोरा गॅफनींनी शिवला. तेव्हा काखेत मला टाचणी टोचली होती, मी ओरडले नाही. पाणी फार गार नको, माझे दात कळवळतात.