क्वाडसाठी शेगडी

११ जानेवारी. उणे एकोणीस.

ठरलं. बर्फाखालचं जाळं यंदा मी एकटी सांभाळणार. जागा ओइवाची आहे, माझ्या नवऱ्याची. एकतीस हिवाळे त्याने सांभाळली. तळ्यात घुसलेल्या जमिनीच्या टोकाच्या पुढे पाणी एकदम खोल होतं, तिथे. काल जाळं सोडलंसुद्धा. शेजारच्या तौनोने भोकं पाडली, दोर बर्फाखालून नेला आणि जाळं ओढलं. बाकीचं सगळं मीच केलं.

मासेमारी मंडळाचा नियम असा की सात दिवसांत जाळं उचललं नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. जाळ्यात सडलेले मासे पाणी नासवतात. नियम चांगला आहे. मला लागू पडायचं कारण नाही.

यादीत पुढचं नाव तौनोचं आहे. म्हणूनच शेजारधर्म इतका उतू चाललाय.

१४ जानेवारी. उणे बावीस.

पहिली खेप. ओइवाची क्वाड, ती चार जाड चाकांची उघडी गाडी, पहिल्या झटक्यात सुरू झाली. चार मासे, चारही माडे जातीचे, तळाशी राहणारे. तळ्यात याच्याइतकी ओंगळ वस्तू दुसरी नाही. बेडकाचं तोंड, सापाचं अंग आणि वरून शेंबूड. ओइवा याची कलेजी पावावर घालून खायचा, तेव्हा मी पुस्तकात तोंड खुपसून बसायची.

येताना भुसभुशीत बर्फाखाली साचलेलं पाणी लागलं. चाकं अर्धी बुडाली. फिरत्या लायब्ररीच्या बसमधून घोड्यांचं पुस्तक आणलंय, त्यात स्पष्ट लिहिलंय: जनावर ओलं होऊन आलं की पुसावं, आडोशाला बांधावं, अंगावर घोंगडी टाकावी. क्वाडला वेगळं काय लागणार? जुन्या गोठ्यात नेली, शेगडी पेटवली, पुसली, घोंगडी टाकली. उबेत पाणी गोठत नाही. एवढं कळायला सहावीच्या पुढे शिकावं लागत नाही.

१५ जानेवारी.

गोठ्याच्या धुराड्यातून धूर बघून तौनो आला. वासरू घेतलंस की काय, मालकीणबाई, म्हणाला. आत नेऊन दाखवलं. त्याने टोपी काढली, घोंगडीकडे बघितलं, टोपी परत घातली. मग माझ्या स्वयंपाकघरात तीन कप कॉफी प्यायला, साखरेचा खडा दातात धरून, बशीतून, फुरके मारत. टेबल पुसून घेतलं.

१७ जानेवारी. उणे चोवीस. सकाळचे नऊ.

आठ वाजता क्वाड अंगणात काढली. माहितीपुस्तकात सांगितलंय तसा हँडब्रेक ओढला. आत येऊन कॉफी घेतली, दोन कप. परत गेले तर मागची चाकं जाम. गॅस दिला की चाकं न फिरता नुसती घसरतात, नांगरासारखी. बनवणाऱ्यांना लाज नाही.

दुपारी: उकळतं पाणी ओतलं. ब्रेक सुटले! काठापर्यंत गेले. तिथे परत जाम, आधीपेक्षा घट्ट. क्वाड काठावरच सोडून चालत घरी आले. पाणी कमी पडलं असणार.

२० जानेवारी. सहावा दिवस.

अखेर तौनोनेच क्वाड काठावरून ओढून आणली. मी सांगितलं नव्हतं. काल दिवसभर गोठ्यात शेकली. आज बाहेर काढली ती हँडब्रेक न ओढता थेट निघाले, कारण कॉफीच संपली होती. जाळ्यापाशी पोचले. सात मासे, पाच सडलेले. हाताने धरून ओढावं तर कातडी हातात येते. बर्फावरच ओकले. मग उरलेले काढले.

अंगात ताप आहे. शेगडी पेटवायची राहिली. रुखरुख लागली आहे.

२५ जानेवारी. उणे सव्वीस.

पाच दिवस अंथरुणात. क्वाड पाच दिवस थंडगार गोठ्यात. आज चाकं लोण्यासारखी फिरली. याचं कारण मी तापापूर्वी ब्रेकच्या केबलला लावलेलं ग्रीस. जाळं उचललं, मासे ताजे. म्हणजे ग्रीस हाच उपाय. आता ग्रीस आणि शेगडी, दोन्ही. मग बघते कोण गोठतं ते.

२९ जानेवारी.

सवयीने आज अंगणात काढून ठेवली. ब्रेक गोठले.

तौनो कुंपणावरून सांगत होता. मी लाकडं रचत असल्याने अर्धंच ऐकलं. चाकांत अडकलेला बर्फ कोरडा असतो, तो उबेत वितळून ब्रेकमध्ये उतरतो आणि बाहेर आली की तिथेच गोठतो. गाडी बाहेरच ठेवायची, दोन फळ्यांवर. हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ओंडका लावायचा. पाण्यातून आलं की ब्रेक हलके दाबत थोडं चालवायचं, म्हणजे सुकतात. ओइवा असंच करायचा, म्हणाला.

ओइवा असंच करायचा हे मला माहीत आहे. तो स्वतःसुद्धा बिनटोपीचा हिंडायचा.

शिवाय तौनो यादीत पुढचा. त्याचा सल्ला कोणत्या हिशोबाने घ्यायचा?

जाताना थांबला. म्हणाला, "तिला बाहेर राहू दे, हिल्क्का. तिला थंडी वाजत नाही."

बोलायला काय जातं.

३१ जानेवारी. सहावा दिवस.

केस वाळवायच्या मशीनने ब्रेक सोडवले. अंगणात गुडघ्यांवर बसून, एका चाकाला वीस मिनिटं. चिखल, तेल, गुरांच्या वेळचं काहीतरी, सगळं केसांत. पण जाळं उचललं. तीन मासे. आता पद्धत सापडली आहे.

३ फेब्रुवारी. उणे सत्तावीस.

तौनोचं म्हणणं खोटं ठरवण्यासाठी शास्त्रीय प्रयोग. चार वाजता क्वाड बाहेर, दोन फळ्यांवर. हँडब्रेक नाही, चाकाखाली ओंडका. घोंगडीसुद्धा नाही.

खिडकीतून दिसत होती. वाचायला बसले, एकच पान वाचत राहिले. सहा वाजता बूट न बांधता गेले आणि आत आणली. बर्फ पडण्याची शक्यता होती.

प्रयोग दोन तास चालला. दोन तासांत काही सिद्ध होत नाही.

ओइवा गेला त्या दिवशी, गेल्या मार्चमध्ये, लाकडांच्या ढिगापाशी दोन तास पडून होता. मी आत वाचत होते. तो बाहेर नेहमीच वेळ लावायचा. याचा ब्रेकशी काही संबंध नाही.

शेगडी चांगली पेटली आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार. उणे अठ्ठावीस. सातवा दिवस.

सकाळी सात: आज जाणार. उद्या मंडळाची सभा आहे.

आठ: दारातून बाहेर काढताच उंबऱ्यावर जाम. हँडब्रेक ओढलाही नव्हता.

दहा: मशीनची वायर उंबऱ्यापर्यंत पोचत नाही.

अकरा: जोडवायर आणली. मशीन जळालं. केस जळल्याचा वास, माझेच.

एक: तौनो स्नोमोबाइल घेऊन आला. मागे बस, म्हणाला, अर्ध्या तासात जाळं उचलून आणतो तुला. मी सांगितलं की जाळं ओइवाचं आहे, ओइवाच्याच गाडीवर जाईन. तो तसाच बसून राहिला, इंजिन चालू ठेवून. मी जोडवायर गुंडाळायला घेतली. शेवटी गेला.

चार: अंधार पडला.

मला तो ब्रेक, ते मासे, ते तळं, सगळ्याची शिसारी आली आहे. क्वाड उंबऱ्यावरून फळीने रेटत रेटत परत आत घेतली. त्याला तास लागला.

८ फेब्रुवारी, रविवार. उणे एकतीस.

गावच्या हॉलमध्ये सभा. वेलदोड्याचे पाव शिळे. अध्यक्षांनी विचारलं, टोकापुढच्या जाळ्याचं काय, कोणी म्हणतं आठवडा झाला.

तौनो उठला. म्हणाला, शनिवारी दुपारी मी हिल्क्काच्या गाडीचा दिवा टोकापाशी पाहिला, तिने जाळं उचललंय. खाली बसला आणि आपल्या बुटांकडे बघत राहिला. जागा त्याला हवी होती, बारा वर्षं यादीत आहे.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उभी राहिले.

"शनिवारी मी अंगणाबाहेर गेले नाही. तौनोला चष्मा लागलाय."

लोक हसले. मग हसायचे थांबले. जागा तौनोच्या नावावर लिहिली गेली. त्याने सही करायला फार वेळ लावला.

मला काहीच वाटलं नाही. उलट बरं झालं, माडे घरात येणार नाहीत. घरी येताना तौनो बरोबर चालत होता. आता तरी गाडी बाहेर ठेवशील का, म्हणाला. हो म्हटलं.

क्वाडला आता कुठेच जायचं नाही. ब्रेक गोठले काय आणि न गोठले काय.

शेगडीत आज दोन लाकडं जास्त घातली.